तुझ्या बाजूच्या अकरा फेऱ्या

आक्का, तुझ्या शोकसभेला मी गेले होते आणि अर्ध्यातून उठून आले. शोकसभा कसली, आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. फोटोत तू चष्मा लावलेली. जन्मात एकदा चष्मा लावलास, तोही फोटोवाल्याने सांगितलं म्हणून, आणि आता लोक तुला त्याच चेहऱ्याने ओळखणार. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक बोलायला उभे राहिले. "हौसाआक्का अत्यंत शांत, प्रेमळ आणि क्षमाशील होत्या," म्हणाले. क्षमाशील! मी खुर्ची मागे सरकवली. तिचा फरशीवर कर्रकन आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहू देत. पाच आठवडे माझ्याशी एक शब्द न बोलता मेलेल्या बाईला कोणी क्षमाशील म्हणत असेल, तर ते ऐकून घ्यायला मी काही सभेची अध्यक्ष नव्हते.

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये, भांडतेय. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि त्यातली माझी बाजू तू ऐकूनच घेतली नाहीस. आता ऐक. मध्ये बोलायची सोय तुला उरलेली नाही, तेवढा एक फायदा मी घेणार.

सुरुवातीची दोन वर्षं मी तुला 'अहो हौसाबाई' म्हणत होते. माझा जन्म कसबा पेठेतला, तिथे मांजरालासुद्धा अहो म्हणायची पद्धत. तू मात्र पहिल्या दिवसापासून मला 'कुमुद, ए कुमुद' अशी जिन्यातून हाक मारायचीस. वयाने मी साठीची, सरकारी नोकरीतून निवृत्त, बिनलग्नाची, आणि माझ्या भावानेही मला कधी अशी चारचौघांत हाक मारली नव्हती. ही आपली कर्वेनगरातली इमारत उभी आहे ते तुमचं वावर. बिल्डरने तुम्हाला तळमजल्यावर दोन घरं दिली आणि वरच्या मजल्यावरचं एक मी घेतलं. "तुझं सैपाकघर हाय ना, त्याच्या बरुबर खाली आमच्या म्हशी बांदायच्या," हे तू ओळख झाल्या झाल्या सांगितलंस. वास येतोय का, असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, "तरीच दूध नासतं." तू इतकी हसलीस की तुझी सून मंगल बाहेर येऊन बघून गेली. त्या दिवशी मला वाटलं, ही बाई आपल्याला झेपेल. झेपली नाही.

दुपारी तू पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गोधडी शिवत बसायचीस. मी येता-जाता बघायची. एकदा धीर करून म्हटलं, "मला शिकवाल का?"

"कशापायी? थंडी वाजती?"

"नाही हो. दुपारचा वेळ जात नाही."

"मंग देवळात जा की."

शेवटी शिकवलंस. पण आधी मला आठवडाभर नुसते दोरे ओवायला लावलेस. आठ दिवसांनी दोन लुगडी एकावर एक अंथरून त्याचा एक कोपरा माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, घाल टाकं. मी वर गेले आणि फूटपट्टी अन् पेन्सिल घेऊन खाली आले. एकेक बोटाच्या अंतरावर बारीक रेघा आखल्या, म्हणजे टाके सरळ पडतील. तू हात लावून पाहिलंस, मग माझ्या तोंडाकडे पाहिलंस. "आगं, ही गोधडी हाय का जमिनीची मोजनी? तलाठ्याला पन बोलाव मंग." आणि तांब्यातलं पाणी ओतून माझ्या रेघा पुसून टाकल्यास.

तुला माझी सवय कळली नव्हती, आक्का, आणि मी नीट सांगितलीही नव्हती. एकतीस वर्षं मी कचेरीत नकाशे गिरवले. ट्रेसिंगच्या कागदावर शाईने रेघ मारायची. चुकली की अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा आणि तिथेच नवी रेघ मारायची. खरवडलेली जागा साहेबाला दिसली नाही, तर ट्रेसर चांगला. माझी कधीच कुणाला दिसली नाही. सगळी नोकरी मी चुका केल्या आणि एकही चूक केली नाही अशी ख्याती घेऊन घरी आले.

तुझ्याकडे हे चालेना. माझा टाका वाकडा गेला की माझा हात आपोआप उसवायला जायचा आणि तू त्या हातावर चापट मारायचीस. लहान मुलाला मारतात तशी, लागेल अशी. "उसवू नगंस. उसवीत बसलीस तर हाताला वाटतं, चुकलं तरी चालतंय, ही बया हाय निस्तरायला. मंग त्यो कवाच शिकत न्हाई." मी म्हणायची, अहो पण दिसतंय ते. "दिसू दी की. झोपल्यालं मानूस टाकं मोजत न्हाई."

माझी पहिली गोधडी झाली, ती मला कपाटात तळाशी ठेवायची होती. तू ती ऊन दाखवायच्या निमित्ताने कुंपणाच्या भिंतीवर पसरलीस, रस्त्याकडे तोंड करून. येणारे-जाणारे बघत होते. तेच प्राध्यापक थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "छान. महापालिकेने खोदलेल्या रस्त्यांचा नकाशा आहे का हा?" मी लाजेने अर्धी झाले आणि तुझ्यावर अशी तडकले की दोन दिवस खाली आले नाही. तिसऱ्या दिवशी तू वर आलीस, गोधडी माझ्या अंगावर टाकलीस आणि म्हणालीस, "रुसायचं आसल तर ही घिऊन रूस. ऊब तरी यील." थंडीचे दिवस होते. ऊब आली, खोटं कशाला बोलू. कितीतरी वर्षांनी मी दुपारची गाढ झोपले.

तीन वर्षांत चार गोधड्या केल्या मी तुझ्याबरोबर. चौथीतही रेघा डोलत होत्याच, पण तोवर मला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. हे लिहायला सोपं आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुधाच्या पिशवीचा कोपरासुद्धा कात्रीने काटकोनात कापला, तिला वाकडी रेघ तशीच सोडून पुढच्या रेघेला जाता येणं म्हणजे काय, ते तुला कळलं नसेल, कारण तू ते न शिकताच जन्माला आली होतीस. मी घरातही बदलले. फोनवर बोलताना अडखळले तर फोन ठेवून पुन्हा करणं सोडलं. भावाला तीस वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीबद्दल माफ केलं, त्याला न सांगता. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानते. आता पुढचं ऐक, कारण ते आभार मानण्यासारखं नाही.

मंगलच्या मुलीला, रूपालीला, दिवस गेले. तू तुझी दोन सगळ्यांत मऊ लुगडी काढलीस, मधल्या थराला नवऱ्याचं धोतर घातलंस आणि आपण बाळाची गोधडी सुरू केली, माझ्या घरी, कारण खाली रूपालीची ये-जा असायची आणि तुला तिला आधी दाखवायची नव्हती. समोरासमोर बसायचं, काठापासून आत शिवत जायचं. तुझ्या बाजूच्या फेऱ्या तुझ्या, माझ्या बाजूच्या माझ्या, आणि कोपऱ्यावर आपले दोरे एकमेकांना भेटायचे.

तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून ते भेटेनात. आधी मला वाटलं, माझंच चुकतंय. मग दिसलं. तुझी रेघ मध्येच तुझ्याकडे कलायची, मग एकदम वर यायची, एका ठिकाणी आधीच्या फेरीवर चढली होती. टाके कुठे तांदळाएवढे, कुठे बोटाच्या पेराएवढे. सकाळी आलीस की तू मला दहा सुया ओवून ठेवायला सांगायचीस. "माझ्या हाताला त्याल लागलंय." रोज कसं तेल लागतं गं हाताला?

मी मोतीबिंदूचा विषय काढला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, मी येते बरोबर, अर्ध्या तासाचं काम असतं. तू ऐकतच नव्हतीस. तुझ्या सासूचा डोळा कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन करून कायमचा गेला होता, ते तू मला पन्नासदा सांगितलंस.

"ते दिवस वेगळे होते, आक्का."

"डोळा त्योच हाय."

"तुला दिसत नाहीये."

"मंग ह्ये टाकं कोन घालतंय? तुझा बाप?"

दर दोन दिवसांनी हेच. मी चिडायची, तू त्याहून चिडायचीस, मग मंगल चहा घेऊन वर यायची आणि आपण दोघी तिच्यासमोर गप्प बसायचो. मंगलला का नाही सांगितलं मी? तू शपथ घातली होतीस म्हणून. शपथा पाळण्याचा मूर्खपणा मी एवढ्या एकाच वेळी केला.

मग तू स्वारगेटवरून एसटी धरून भोरकडे बहिणीच्या नातवाच्या लग्नाला गेलीस, पाच दिवस. गोधडी माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी मी तिच्यावर चादर घातली. दुसऱ्या दिवशी चादर काढली. मी स्वतःला सांगितलं, बाळाच्या पायाचं बोट या लांब टाक्यात अडकेल. हे खरंच होतं, अडकलं असतं. पण त्यासाठी चारपाच टाके मध्ये भरून भागलं असतं. मी ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढलं आणि तुझी बाजू उसवली. सगळी. एकेक टाका.

आणि परत शिवली. तुझ्यासारखी. तुझा टाका कसा, तो मला तीन वर्षं समोर बसून पाठ झाला होता: उजवीकडे किंचित झुकलेला, खालून आखूड, वरून लांब. तशा मी अकरा फेऱ्या शिवल्या. जिथे तू थांबली होतीस तिथेच थांबले, सुईसुद्धा तशीच टोचून ठेवली. चार दिवसांत मान धरली, बोटं फुटली. मला वाटलं, तुला दिसत तर नाही. कळणार कसं?

तू आलीस, लग्नातला लाडू माझ्या हातावर ठेवलास, बसलीस, आणि सुई कुठे आहे ते शोधायला काठापासून हात फिरवत आलीस. हात मध्ये थांबला. मागे गेला. परत फिरला.

"ह्ये माझं न्हाई."

"काय तुमचं नाही?" मी म्हटलं.

"खोटं बोलताना अहो-जाहो करतीस व्हय." तू अजून हात फिरवत होतीस. "येवढं सरळ मी माझ्या उमेदीतबी घातलं न्हाई, कुमुद."

मी काहीतरी बोलले. बाळाचं बोट, अडकेल, असलं काहीतरी. तू ऐकलं नाहीस. भिंतीला धरून उभी राहिलीस. दारात थांबलीस आणि म्हणालीस, "आंधळी झालीया म्हून मेली न्हाई मी आजून." दोन महिने मी जे तुझ्या तोंडून कबूल करून घ्यायला धडपडत होते, ते तू कबूल केलंस, आणि तेही मला मारायला.

यानंतरचे पाच आठवडे मी तुला माफ करणार नाही, आक्का. खाली भेटलीस की तू भिंतीकडे तोंड करायचीस. माझी पावलं तू ओळखायचीस, म्हणून मी चपला बदलून पाहिल्या, तरी ओळखलंस. मी शिरा केला, वाटी मंगलच्या हाती पाठवली. संध्याकाळी वाटी परत आली, घासून-पुसून, रिकामी. चिमूटभर साखरसुद्धा नाही. साठ वर्षांत माझ्या हातात रिकामी वाटी कुणी परत दिली नव्हती. ज्यांच्याशी आमचं कोर्टात भांडण चालू होतं ते शेजारीसुद्धा वाटीत दोन दाणे घालून पाठवायचे. मंगलची मान खाली होती. "आत्याबाईंनी तश्शीच द्या म्हटलं, ताई. मी साखर टाकली हुती, त्यांनी हात घालून बघितलं अन् काढाय लावली." मी ती वाटी ओट्यावर आपटली. तिला पोचा आला.

आणि मी? मी खाली येऊन दार वाजवून 'चुकले' म्हणू शकले असते. एकवीस पायऱ्या. मी मनात वाक्यं जुळवत बसले. एक वाक्य बरं वाटायचं, मग त्यातला एखादा शब्द खटकायचा, मग मी ते पुसून नवं करायची. पाच आठवडे मी माफीचा मसुदा खरवडत होते. ही माझी चूक आणि ती मी तुझ्या पदरात घालणार नाही. पण तूही एकदा जिन्यातून हाक मारायला काय हरकत होती? एकदा नुसतं 'ए कुमुद'. शिवी घातली असतीस तरी मी धावत आले असते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीन दिवस थांबले. भांडणाआधी आपण रोज सकाळी दूध आणायला बरोबर जायचो. तळमजल्याच्या दारापासून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. मी तिथे तुझा दंड धरायची, काहीतरी बोलायचं निमित्त करून. आज उकडतंय ना गं, किंवा कालची मालिका बघितलीस का. तू हात झिडकारला नाहीस कधी. मी का धरते ते तुला माहीत होतं, तुला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि त्याबद्दल आपण दोघी चकार शब्द बोललो नाही. पाच आठवडे त्या पायऱ्यांवर मी नव्हते. तुला त्या पायऱ्या दिसत नाहीत, हे मंगलला माहीतच नव्हतं. शेवटी एका सकाळी तुझा पाय चुकला.

मी वरून आवाज ऐकला. दुधाची किटली घरंगळत गेलेला.

खुबा मोडला. पुढचं सगळं डॉक्टरी, ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मंगल मला इस्पितळात घेऊन गेली. दुपारची वेळ होती, तू जागी होतीस, डोळे उघडे, छताकडे. मंगल डॉक्टरांशी बोलायला बाहेर थांबली. मी कॉटपाशी गेले. चपला दारात काढल्या होत्या, त्यामुळे पावलं तुला कळली नसावीत.

"कोन हाय?" तू विचारलंस.

मी बोलले नाही. ऐकतेस ना? मी बोलले नाही. मला वाटलं, नाव सांगितलं तर तू भिंतीकडे तोंड फिरवशील, आणि कंबर तशी मोडलेली असताना फिरताना तुला कळ लागेल. हे मी नंतर स्वतःला दिलेलं कारण आहे. खरं म्हणजे मी घाबरले होते. तू पुन्हा म्हणालीस, "कोन हाय? सिस्टर व्हय? पाय गार पडल्यात, झाकता का जरा." मी ते इस्पितळाचं पांघरूण तुझ्या पायांवर ओढलं आणि खाली नीट खोचलं. तू म्हणालीस, "बरं झालं." मंगल आत आली तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. सिस्टर नव्हती ती. मी होते.

तेराव्यानंतर मंगल वर आली. रूपालीला नववा लागलाय, ताई, ती गोधडी. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही, बाजारात रजया मिळतात, घ्या. ती बिचारी "बरं" म्हणून निघाली. दारातून वळली आणि म्हणाली, "आत्याबाई रोज इचारायच्या, वरचा दिवा लागला का. मी म्हनायची, लागला. मंग जेवायच्या." आणि गेली. हे तिने मला पाच आठवड्यांत का सांगितलं नाही? तूच शपथ घातली असणार. शपथांशिवाय तुला काही सुचायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोधडी गॅलरीत उन्हात धरली, कसर लागली का बघायला. तेव्हा दिसलं. माझे सरळ टाके होते, आणि त्यांच्या आजूबाजूला बारीक भोकं. तुझी. लुगडं जुनं, झिजलेलं, सुई जिथून गेली तिथे धागा परत मिटला नव्हता. एवढी खरवडून झाकण्यात हयात गेली माझी, पण कापड कागदासारखं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू कसली सांगतेस. तुझ्या राज्यात उसवणंच नव्हतं.

मी भिंग काढलं, कचेरीतलं. अर्धं ब्लेड काढलं. आणि माझे टाके उसवले, सगळे. हो, परत उसवले. मार चापट. मग सुई तुझ्या पहिल्या भोकातून घातली, दुसऱ्यातून काढली.

आठ दिवस लागले आहेत. सरळ शिवणं याच्या मानाने काहीच नव्हतं. माझा हात सारखा पुढे धावायचा, आणि तुझं भोक भलतीकडेच असायचं. तुझी रेघ वाकडीच होती, आक्का, मेल्यावर तुझी खोटी स्तुती मी करणार नाही. वेडीवाकडी, आंधळी रेघ होती. पाचव्या फेरीत एका ठिकाणी सात भोकं एका नखाएवढ्या जागेत आहेत. तिथे तुला सापडत नव्हतं. सुई घातलीस, चुकली, काढलीस, पुन्हा घातलीस, सात वेळा, आणि मी हातभर अंतरावर समोर बसले होते. बहुतेक प्राध्यापकांची नक्कल करून तुला हसवत होते. तू हसत होतीस आणि चाचपडत होतीस. सांगायचं होतंस ना गं! सातदा सुई टोचण्यापेक्षा एकदा तोंड उघडायचं होतंस.

तुझ्या फेऱ्या मी का उसवल्या, ते तू शेवटपर्यंत चुकीचं समजलीस. तुझं काम वाईट झालं असं मला वाटलं म्हणून नाही. माझे वाकडे टाके मला सोसायला तू शिकवलंस, तुझे मला सोसले नाहीत. ते बघितले की दिसायचं की तू म्हातारी झालीस, आणि आता जाणार. ते मला दिसायला नको होतं. म्हणून मी ते ब्लेडने काढलं. एवढंच होतं. पाच आठवड्यांत जुळलं नाही ते वाक्य हे आहे, आणि यातले दोन शब्द मला आताही खटकतायत, पण राहू देत.

आज दुपारी मंगल समोर बसली होती, तुझ्या नव्हे, माझ्या जागी. मी तुझ्या जागी बसून तुझी बाजू शिवत होते. अकरावी फेरी. सुई घालत गेले, आणि पुढचं भोक सापडेना. बोट फिरवलं. भिंग लावलं. उठून गॅलरीत नेऊन उजेडात धरलं. फेरीच्या ऐन मध्यावर तुझी भोकं संपली होती, पुढे नुसतं कापड. धड, कोरं, कुठेही न टोचलेलं.

मी परत येऊन बसले.

"ताई, का थांबला?"

"आक्का इथून उठून गेली," मी म्हटलं.

रूपालीचे दिवस भरत आले आहेत, गोधडी पुरी करायला हवी, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी सुई हातात धरून कितीतरी वेळ बसले. पुढचा टाका कुठे घालायचा ते मला खरंच कळत नव्हतं.